हरणाचं मटण चोथा का होतं, आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात सुक्या मटणाचा मसाला दिला तेव्हा मी जाता जाता लिहिलं होतं की हा मसाला आमच्या घरी मुळात शिकारीचा, म्हणजे हरणाच्या मटणाचा, बोकडाला तो नंतर लागला. त्या एका वाक्यावर इतके मेसेज आणि दोन चक्क पोस्टाने आलेली पत्रं, की या वेळचं पान सगळं त्यालाच देतेय. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत, आणि नावं कोणाचीच टाकली नाहीत.

प्रश्न : ताई, मी इंदूरची, रामबागेत राहते. मुलगा-सून न्यूझीलंडला क्राइस्टचर्चला असतात, गेल्या वर्षी सहा महिने राहून आले. तिकडे सुपरमार्केटमध्ये हरणाचं मटण राजरोस मिळतं. मुलाने हौसेने रानाचा, म्हणजे मांडीचा, किलोभर तुकडा आणला, म्हणाला आई तुझ्या हातचं कर. मी बोकडासारखंच केलं, कांदा-खोबऱ्याचं वाटण, कुकरला पाच शिट्ट्या. मऊ झालं नाही म्हणून अजून तीन दिल्या. शेवटी असा चोथा झाला की रस्सा पोळीबरोबर संपला आणि मटण डब्यात राहिलं. मार्चमध्ये परत जातेय. माझं चुकलं कुठे?

उत्तर : वाटण चुकलं नाही, मसाला चुकला नाही, नंतरच्या तीन शिट्ट्या चुकल्या, आणि खरं सांगायचं तर पहिल्या पाचही त्या तुकड्याला जास्तच होत्या. हे तुमच्या एकट्यांचं नाही हो, मला आलेल्या मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त बायकांची हीच तक्रार आहे.

आपला हात बोकडावर बसलेला असतो. बोकडाच्या मटणात थोडी चरबी असते, हाडं असतात, आणि खाटीक आपल्याला सगळीकडचे तुकडे मिसळून देतो, त्यामुळे शिट्टी दोन इकडे दोन तिकडे झाली तरी निभावून जातं. हरीण हे पळणारं जनावर. त्याच्या मांसात चरबी जवळजवळ नाहीच, १०० ग्रॅम कच्च्या मटणात दोन-तीन ग्रॅम धरा, आणि प्रोटीन २२-२३ ग्रॅम. आता होतं काय, की आच लागली की मांसाचे धागे आवळतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात, ओलं फडकं पिळावं तसं. बोकडात तेवढ्यात चरबी वितळून तो कोरडेपणा झाकते, हरणात झाकायला काही नाही. म्हणून जितक्या शिट्ट्या जास्त तितकं ते कोरडं, आणि आपण मात्र कोरडं लागतंय म्हणजे कच्चं आहे असं समजून अजून शिट्ट्या देतो.

मग शिट्ट्या द्यायच्याच नाहीत का, तर असंही नाही. तुकडा कुठला आहे ते आधी बघायचं. दस्ती म्हणजे खांदा, गर्दन, नळी, हे भाग जनावर दिवसभर वापरतं, त्यात शिरा आणि पडदे खूप, आणि त्यातलं कोलॅजन हळूहळू शिजून विरघळतं, चिकट होतं, तीच रश्श्याला अंगची दाटी. त्याला वेळ लागतो, दोन-अडीच तास मंद आचेवर, किंवा कुकरला एक शिट्टी आणि मग बारीक गॅसवर २५-३० मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची, शिट्टी उचलून काढायची नाही. रान मात्र मांसल, त्यात विरघळण्यासारखं कमी, आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना जी लांब पट्टी असते तिच्यात तर जवळपास नाहीच. हे तुकडे एकतर तव्यावर पटकन करायचे नाहीतर करायचेच नाहीत. एकतर थोडा वेळ, नाहीतर खूप वेळ. मधला अर्धा-पाऊण तास हरणाच्या मटणाचा वैरी.

म्हणून मार्चमध्ये गेलात की मुलाला सांगा रान आणू नको, खांदा आण, तिकडे कापून तुकडे केलेलं पाकीट पण मिळतं पण ते कुठल्या भागाचं आहे ते पाकिटावर वाचायचं. पाकीट फोडलं की रंग बघून घाबरू नका, हवा काढलेल्या पाकिटात हे मटण काळसर जांभळं दिसतं, पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवलं की लाल होतं. ते शिळं नाही, हरणाचं मटण मुळातच गडद असतं. आणि आपल्या सवयीने नळाखाली चोळून चोळून धुऊ नका, किचन पेपरने दाबून कोरडं करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जे बोकडाला आपण करत नाही. मांसावर एक चकचकीत पातळ पडदा असतो, चांदीचा वर्ख चिकटवल्यासारखा. तो कितीही शिजवा, विरघळत नाही, उलट आक्रसतो आणि तुकडा वाकडा करतो. माझ्या माहेरी स्वयंपाक करायला एक म्हातारे गृहस्थ होते, ते अरुंद पात्याची सुरी पडद्याखाली जेमतेम बोटभर सरकवायचे, मग सुटलेलं टोक डाव्या हातात फडक्याने धरायचे कारण ते निसटतं, आणि सुरीची धार वर, पडद्याकडे थोडी कलती ठेवून सुरी पुढे न्यायचे. मांस हलायचं नाही, पडद्याची लांब पट्टी सुटून यायची, अगदी रिबीनसारखी. धार मांसाकडे झाली तर अर्धं मटण पडद्याबरोबर जातं. दोन वेळा करून बघा, हात बसतो. तसंच हरणाची स्वतःची पांढरी चरबी दिसली तर ती पण काढून टाका. मेणासारखी असते, ताटात जरा गार झाली की टाळूला चिकटते, आणि जो उग्र वास येतो म्हणतात तो बराचसा त्या चरबीचा असतो. तिच्या जागी आपण आपलं तूप घालायचं. बोकडाला किलोला तीन मोठे चमचे घालत असाल तर इथे पाच घाला, हात आखडू नका.

रस्सा असा करा. एक किलो खांदा, दीड-दोन इंचाचे तुकडे, बारीक नको. दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन मोठे चमचे आलं-लसूण, दीडशे ग्रॅम आंबट नसलेलं दही, सगळं चोळून फ्रिजमध्ये रात्रभर. सकाळी तुपात तमालपत्र, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, दोन मोठ्या वेलच्या, मग चार कांदे उभे चिरून अगदी तपकिरी होईपर्यंत. मटण एकदम ओतू नका, पातेलं गार होतं आणि पाणी सुटतं, तीन-चार वेळा थोडं थोडं घालून प्रत्येक वेळी रंग येऊ द्या. मग भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, धणे आणि भाजलेल्या कांद्याचं तुमचं नेहमीचं वाटण, तिखट, आणि उकळतं पाणी, गार पाणी अजिबात नाही. एक उकळी आली की गॅस बारीक, इतका बारीक की कडेला एखादाच बुडबुडा यावा. जड झाकण. दीड तासाने एक तुकडा काढून काट्याने दाबा, काटा फिरवला की मांस सुटलं पाहिजे, सुटलं नाही तर अजून अर्धा तास, आणि इथे मात्र धीर धरायचा कारण या तुकड्याला वेळच हवा असतो.

आणि मुलाने हौसेने परत रानच आणलं तर? तर त्याचे जाड एक इंचाचे काप करा, मीठ, मिरपूड आणि थोडं तूप चोळा, लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवा, दोन-तीन मिनिटं एका बाजूला, तेवढीच दुसऱ्या, मग ताटलीत काढून झाकून पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या आणि धाग्यांना आडवं कापा. आतून गुलाबी राहतं. तिकडचे शेफ आत ५५-५७ डिग्रीला उतरवतात, अमेरिकेच्या सरकारी सल्ल्यात बीफ-बोकडाच्या अख्ख्या तुकड्याला ६३ डिग्री आणि वर तीन मिनिटं थांबा असं आहे, हरणाला मात्र ७१, म्हणजे गुलाबी उरतच नाही, मी तुमच्या जागी असते तर ६३ च्या खाली उतरवलं नसतं. मांसात खुपसायचा थर्मामीटर तिकडे सहज मिळतो. पण तुम्हाला गुलाबी मटण घशाखाली उतरत नसेल, आपल्यापैकी बऱ्याच जणांना उतरत नाही, तर मनाविरुद्ध खाऊ नका आणि पूर्ण शिजवून चोथाही करू नका, सरळ खांदा आणा.

न्यूझीलंडचं मटण घ्यायला मनात शंका ठेवू नका. तिथे हरीण मूळचं नाहीच, एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी नेऊन सोडलं, मग ते एवढं वाढलं की जंगलांना जड झालं, आणि पुढे १९७० च्या सुमारास रीतसर फार्म सुरू झाले, जंगलातली हरणं हेलिकॉप्टरने पकडून आणून त्यांचे कळप केले. दुकानात मिळतं ते बहुतेक फार्मचं, कोवळ्या जनावराचं, वास सौम्य. आणि जाताना इथून मसाला नेणार असाल तर तिकडे शिरताना भरायच्या फॉर्मवर खायचे पदार्थ आहेत असं लिहाच, लपवलं की जागच्या जागी ४०० डॉलर दंड आहे.

प्रश्न : काकू, मी ग्वाल्हेरचाच, शिंदे की छावणीत राहतो. शिवपुरीकडचा एक ओळखीचा माणूस दर थंडीत विचारतो, "हिरन का माल है, चाहिए क्या". मित्र म्हणतात घे, सगळेच घेतात. आजोबा तर शिकारीच्या गोष्टी सांगून थकत नाहीत. घ्यावं का? घेतलं तर कसं करावं?

उत्तर : नाही, बेटा. घेऊ नकोस, आणि त्या माणसाला एकदा स्पष्ट सांग की परत विचारू नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे हरणाची शिकार बंद आहे, चितळ असो, सांबर असो, काळवीट असो. नुसतं मारणं नाही, ते मटण विकत घेणं, घरात ठेवणं, शिजवणं हाही गुन्हाच. काळविटासारखं पहिल्या शेड्यूलमधलं जनावर असेल तर तीन ते सात वर्षं कैद. आपल्याकडे हरणाचा फार्म वगैरे काही नाही, त्यामुळे "हा फार्मचा माल आहे" असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. आणि रात्री कुठेतरी तारेत किंवा विषाने मेलेलं जनावर, कोणी कसं कापलं, किती तास उन्हात राहिलं, कुठल्या पिशवीतून आलं, काही कळायला मार्ग नाही, कोणी तपासलेलं नसतं.

पण मला कायद्याच्या पलीकडचं पण सांगायचंय. मी लहान होते तेव्हा, ७२ च्या आधी, आजोबांकडे लायसन्स होतं, महिन्या-दोन महिन्यांनी जीपच्या मागे चितळ यायचं. मी खाल्लंय, चव अजून आठवते, खोटं कशाला बोलू. त्याचबरोबर हेही आठवतं की आजोबाच शेवटी शेवटी म्हणायचे, आता रात्र रात्र हिंडलं तरी डोळे चमकत नाहीत. आज माधव नॅशनल पार्कमध्ये, जिथे एके काळी शिंदे सरकारांची शिकार चालायची, तिथे गाडीतून जाताना चितळांचा कळप रस्ता ओलांडताना थांबतो, त्यातलं एखादं पाय उचलून तसंच आपल्याकडे बघत राहतं. २०२५ मध्ये तो टायगर रिझर्व्ह झाला. पलीकडे कूनोत सप्टेंबर २०२२ पासून चित्ते आणलेत, त्यांचं पोट मुख्यतः चितळावर चालतं. जो चितळ तुझ्या पातेल्यात येतो तो त्यांच्या तोंडचा घास आहे. मला हे अगदी मनापासून वाटतं, म्हणून लांबण लावली.

आजोबांना शिकारीची चव हवी असेल तर ती बोकडात येते, कारण ती चव जेवढी हरणाची तेवढीच रानात चूल मांडायच्या पद्धतीची. जंगलात कांदा, दही, वाटण नसायचं. तूप, सुक्या लाल मिरच्या, मीठ, पाणी, एवढंच. राजस्थानात याला जंगली मांस म्हणतात, आपल्याकडच्या सरदारांच्या घरांतही असं करायचे. रविवारी असं कर. एक किलो बोकडाची दस्ती आणि नळी, जरा मोठे तुकडे. जाड बुडाच्या भगोन्यात २०० ग्रॅम तूप, हो २०० च, शेवटी वर तरंगेल ते काढून ठेव, दुसऱ्या दिवशी खिचडीवर घाल. तुपात मटण आणि मीठ घालून मध्यम आचेवर पाणी सुटून आटेपर्यंत हलवत रहा. मग १२-१५ सुक्या मिरच्या, देठ काढून बिया झटकून, अख्ख्याच. आणि इथून पुढे युक्ती एकच, पाणी एकदम घालायचं नाही. अर्धी वाटी गरम पाणी, झाकण, आटलं की परत अर्धी वाटी. भांड्याच्या बुडातून चर्र असा आवाज आला की पाणी, आवाज येईपर्यंत नाही. दीड-दोन तास. मिरची अख्खी असल्याने रंग येतो पण जाळ नाही होत, मटण शेवटी त्याच्या स्वतःच्या रसात आणि तुपात तळल्यासारखं होतं. सिगडी असेल तर सिगडीवर कर, थंडीत गच्चीवर करायला यासारखं दुसरं काही नाही. आजोबांना पहिला घास दे आणि मला कळव काय म्हणाले.

प्रश्न : नमस्कार. मी बडोद्याची, दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. पणजीबाईंची मोडीतली वही एकाकडून वाचून घेतली, त्यात हरणाच्या सागुतीला "कच्ची पपई दोन बोटें, रात्रौ ताकांत" असं आहे. मी ते बोकडाला करून पाहिलं तर मटणाचं पीठ झालं, अगदी लगदा. पणजीबाईंचं चुकलं असेल असं वाटत नाही. आमच्याकडे काही जण काचरी पण म्हणतात. नक्की काय वापरायचं?

उत्तर : पणजीबाईंचं काहीच चुकलं नाही, जनावर बदललं. त्यांच्या वेळचं हरीण म्हणजे जंगलात वाढलेलं, कितीही वयाचं, दमवून मारलेलं. तुमच्या बडोद्यात तर गायकवाड सरकारांकडे शिकारीचे चित्ते पाळलेले असत, काळविटामागे सोडायचे. अशा मांसाला रात्रभर पपई लावली तरी ते जेमतेम नरम व्हायचं. आजचा बोकड कोवळा, त्याला रात्रभर पपई म्हणजे पचवूनच टाकलं.

पपईत पपेन असतं, ते मांसाचं प्रोटीन तोडतं. फ्रिजमध्ये हळू, आणि मटण गरम होत असताना ६०-७० डिग्रीला सगळ्यात जोरात, म्हणजे तुम्ही पपई पुसून काढली तरी जी आत शिरली ती शिजताना पण काम करत राहते. म्हणून बोकडाला किलोला एक मोठा चमचा किसलेली कच्ची पपई, सालासकट, आणि पाऊण तास, बस. त्याच्या पुढे जाऊ नका. ताक मात्र रात्रभर ठेवलंत तरी चालेल, ते हळू काम करतं. तेव्हा वहीतलं वाक्य दोन भागांत वाचा, रात्री ताकात आणि सकाळी पपई. "दोन बोटें" पण बहुतेक अख्ख्या रानाला असणार, किलोला नाही.

काचरी माझ्या जास्त आवडीची. इकडे आमच्याकडे चंबळच्या बाजूला शेताच्या बांधावर होते, छोटी रानटी काकडीसारखी, वाळवलेली किराण्याच्या दुकानात मिळते. ती पण मांस नरम करते, पण पपईसारखी घाई करत नाही, आणि वर एक आंबूस चव देते जी शिकारीच्या मसाल्यात पाहिजेच असते. लाल मांस म्हणून जो राजस्थानी तिखट मटणाचा प्रकार आहे, त्यात ती त्यासाठीच पडते. वाळकी काचरी कुटून किलोला एक छोटा चमचा, दोन तास. बडोद्यात नाही मिळाली तर राजस्थानी सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा. पपई आणि काचरी एकत्र कधीच नको. आणि ती वही कृपा करून कोणाकडून तरी नीट उतरवून घ्या, सगळी पानं, मसाल्याची पण, कारण मोडी वाचणारी माणसं दर वर्षी कमी होतायत.

प्रश्न : मावशी, माहेर ग्वाल्हेर, आता अमेरिकेत विस्कॉन्सिनला. शेजारचे आजोबा नोव्हेंबरमध्ये शिकारीला जातात, त्यांनी प्रेमाने पाच किलो हरणाचं मटण दिलंय, अर्धं खिमा, अर्धं तुकडे, फ्रीजरमध्ये पडलंय. खायची भीती वाटते, टाकवत नाही. मला पाचवा महिना पण आहे.

उत्तर : आधी अभिनंदन बाळा. आणि खायची घाई करू नकोस, आधी शेजारच्या आजोबांना दोन गोष्टी विचार, ते शिकारी आहेत, त्यांना राग येणार नाही.

पहिली, या जनावराची सीडब्ल्यूडीची टेस्ट केली होती का. हा हरणांचा मेंदूचा रोग आहे, विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून सापडतोय. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण तिकडच्या आरोग्य खात्याचा सल्ला स्पष्ट आहे की रोग असलेल्या भागातलं हरीण तपासून घ्या आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर खाऊ नका. लक्षात ठेव, हा रोग ज्याने होतो ते प्रिऑन शिजवून मरत नाहीत, कितीही उकळ. तुमच्या राज्यात वनखात्याकडून टेस्ट फुकट करून मिळते, त्यामुळे बरेच शिकारी करून घेतातच. रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर निम्मी काळजी गेली.

दुसरी, गोळी कुठली होती, शिशाची की तांब्याची. शिशाची गोळी आत फुटते आणि डोळ्याला दिसणार नाहीत असे कण जखमेपासून बरेच लांब जातात, आणि खिम्यात ते सगळीकडे मिसळतात. गरोदरपणात शिसं अजिबात नको. म्हणून शिशाची असेल, किंवा त्यांना नक्की सांगता आलं नाही, तर बाळ होईपर्यंत तू ते मटण खाऊ नकोस, खिमा तर नाहीच. नवऱ्याला खायचं असेल तर जखमेपासून लांबचे अख्खे तुकडे घेऊन करा. आणि तुझ्या डॉक्टरला एकदा विचार, माझ्या लिहिण्यावर थांबू नकोस.

हे दोन्ही ठीक निघालं तर तुझ्यासाठी नियम एकच, गुलाबी काहीही नाही. खांद्याच्या तुकड्यांचा रस्सा, वर इंदूरच्या ताईंना सांगितला तसाच, दोन-अडीच तास. फ्रीजरमधून काढलेलं पाकीट ओट्यावर नाही, फ्रिजमध्ये ताटात ठेवून सोडवायचं, एक किलोला जवळपास पूर्ण दिवस लागतो. जंगली हरणाच्या मटणाला फार्मच्यापेक्षा वास जास्त, तेव्हा चरबी आणि पडदा अगदी बारकाईने काढ, आणि मोठी वेलची, दगडफूल हात सोडून घाल. या दिवसांत वास सहन होत नसेल तर नवऱ्याला करू दे आणि तू दुसऱ्या खोलीत बस.

प्रश्न : हरणाचं मटण उष्ण की थंड? माझ्या यजमानांना पित्ताचा त्रास आहे, आम्ही दोघं उन्हाळ्यात मुलीकडे लंडनला जातोय. (मांडवी, बडोदा)

उत्तर : चरकांनी हरणवर्गातल्या मांसात काळविटाचं, म्हणजे एणाचं मांस सगळ्यात हितकर म्हटलंय आणि रानात राहणाऱ्या अशा जनावरांचं मांस पचायला हलकं सांगितलंय. तेव्हा मांसाला दोष देऊ नका, पित्त होतं ते आपल्या तिखटाने आणि तेलाने. यजमानांसाठी तिखट कमी, दही आणि धणे-बडीशेप जास्त असं करा, आणि रात्री नाही, दुपारी.

प्रश्न : ताई, मी इंदूरचा, इंग्लंडमध्ये लीड्सला मास्टर्स करतोय, चार मुलं मिळून राहतो, एक हॉब आणि एक ओव्हन. इथे हरणाचा खिमा कधी कधी स्वस्तात लागतो. खिमा-पाव केला तर वाळूसारखा झाला. कबाब केले तर तव्यावर फुटले.

उत्तर : तुझा खिमा फार सुका आहे, त्याला बाहेरून चरबी पाहिजे. दुकानात लँबचा खिमा मिळतो, तो चरबीवाला घे, हरणाचा तीन भाग, लँबचा एक भाग, हाताने मिसळ. ते नको असेल तर अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे गार घट्ट तूप आणि एक कांदा किसून, किसलेल्या कांद्याचं पाणी पिळून टाकू नकोस, खिमा-पावाला तेच ओल देतं. खिमा आधी कढईत मोठ्या आचेवर पसरून ठेव आणि दोन मिनिटं हलवूच नकोस, खालून रंग आला की मग मोड. तुम्ही मुलं सतत हलवता म्हणून पाणी सुटतं आणि तो उकडतो. मग मसाला, टोमॅटो, अर्धी वाटी पाणी, वाटाणे, आणि १५-२० मिनिटं झाकून. जास्त नाही.

कबाबाला मात्र कांद्याचं पाणी पिळून टाक, नाहीतर फुटणारच. भाजलेल्या डाळ्याचं पीठ दोन चमचे, एक अंडं, आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर, मीठ, पाच मिनिटं पिठासारखं मळ, खिमा बोटांना चिकटायला लागला पाहिजे, मग गोळे करून अर्धा तास फ्रिजमध्ये. तव्यावर ठेवल्यावर कड आपोआप सुटेपर्यंत उलटू नकोस. खिमा असल्यामुळे आत पूर्ण शिजला पाहिजे, ७१ डिग्री, थर्मामीटर नसेल तर एक कबाब मधून तोडून बघ, आत गुलाबी नको आणि रस साफ हवा.

तुझ्याकडे मिळतं ते हरीण बहुतेक जंगलातलंच असतं, ब्रिटनमध्ये हरणांच्या सहा जाती आहेत, त्यांना खाणारे लांडगे कधीच संपले आणि जंगलाची नवी झाडं वाचावी म्हणून तिथे दर वर्षी कायदेशीर शिकार होते, ते मटण दुकानात येतं. त्यामुळे एका पाकिटाची चव दुसऱ्यासारखी नसणार. पाकीट उघडल्यावर वास घे, जास्त उग्र वाटला तर त्या दिवशी कबाब नको, खिमा-पाव कर आणि मेथीचा सुका पाला जरा जास्त टाक. पाव तुपावर भाज, कापलेली बाजू खाली, आणि लिंबू वरून पिळायला ठेव, शिजताना घालू नकोस.